न्यूटनच्या नाण्यावरची आकृती

न्यूटनच्या जन्माला 375 वर्षं झाली म्हणून ब्रिटनच्या रॉयल मिंटने, म्हणजे तिथल्या टांकसाळीने, 2017 मध्ये 50 पेन्सचं सप्तकोनी नाणं काढलं, सोन्यातही काढलं. न्यूटन म्हटलं की लोक सफरचंद शोधतात, ते यावर नाहीये आणि मला तेच फार आवडलं. यावरची आकृती न्यूटनच्या 1687 च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथातल्या पहिल्या खंडातल्या 11व्या प्रमेयावर बेतलेली आहे.

प्रश्न असा, की ग्रह लंबवर्तुळात फिरतोय आणि सूर्य त्याच्या नाभीवर (लंबवर्तुळाच्या आतल्या दोन खास बिंदूंपैकी एकावर) आहे, तर सूर्याची ओढ अंतरानुसार कशी बदलते?

समजा सूर्य 'स' ला, ग्रह 'प' ला. ओढ नसती तर ग्रह स्पर्शिकेवरून सरळ 'र' ला गेला असता, पण क्षणभराने तो सापडतो 'क' ला, म्हणजे तेवढ्या वेळात तो सूर्याकडे र-क एवढा पडला! हे पडणं म्हणजे ओढ गुणिले वेळेचा वर्ग या प्रमाणात. पण कागदावर वेळ मोजणार कशी, तिथे घड्याळ थोडंच आहे? इथे खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा नियम कामी येतो, सूर्य आणि ग्रह जोडणारी रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते, म्हणजे वेळेच्या जागी स-प-क त्रिकोणाचं क्षेत्रफळच घ्यायचं, आणि ते सप गुणिले क पासून सप वर टाकलेला लंब या प्रमाणात असतं. मग ओढ झाली रक भागिले (सप चा वर्ग गुणिले लंबाचा वर्ग). आता क ला प च्या अगदी जवळ सरकवत न्या, तर लंबवर्तुळात रक भागिले लंबाचा वर्ग ही किंमत कक्षेत कुठेही सारखीच येते, आणि उरतो फक्त सप चा वर्ग, छेदात. झाला व्यस्त वर्गाचा नियम, अंतर दुप्पट तर ओढ एक चतुर्थांश! पेन घेऊन एकदा काढून बघाच, मी पहिल्यांदा काढलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

या ओढीच्या हिशोबात वस्तुमान येतं, अंतर येतं, जन्मवेळ कुठेच येत नाही, म्हणून मंगळाच्या नावाने मुलींची लग्नं अडवतात त्याचा मला मनापासून राग येतो.

आणि ही टांकसाळ न्यूटनची स्वतःची बरं का, 1696 ला तो तिथे वॉर्डन झाला, 1699 च्या शेवटी मास्टर, तो 1727 ला मरेपर्यंत. 1710 च्या तपासणीत सोनारांनी त्याच्या नाण्यांतलं सोनं किंचित कमी कसाचं ठरवलं, तेव्हा तो हटला नाही, ज्या सोन्याच्या पट्टीशी नाणी ताडून बघत ती 1707 साली बनवलेली कसोटीची पट्टीच गरजेपेक्षा जास्त शुद्ध आहे असं त्याने मांडलं.