जुन्या छोट्या कारला नवं इंजिन: काय चालतं, काय चालत नाही आणि कागद कोणते लागतात

गाडी माझ्या मेहुण्याची. २००९ सालची वॅगन-आर, पासिंग एमएच ३१. मागच्या उन्हाळ्यात कूलंट तपासायचं राहून गेलं आणि वर्धा रोडवर काटा लालमध्ये गेला. घर जवळच आहे म्हणून त्याने गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झालं. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, याला बोअर करून काही फायदा नाही. नव्या वॅगन-आरचं के-सिरीज टाकून देतो ना, पिकअप पाहा मग." मेहुण्याने जवळजवळ होकार दिला होता. मी म्हटलं, आधी आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) काढून बघ. पुढचे काही आठवडे आम्ही दोघं कागदांमागे फिरलो. हा प्रश्न नागपुरात अनेकांना पडतो, म्हणून त्यातून समजलेलं सगळं इथे लिहितो आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ हे यातलं मुख्य कलम. कंपनीने गाडी बनवताना जी वैशिष्ट्यं ठरवली, त्यांच्याशी आरसीवरच्या नोंदी जुळणार नाहीत असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. यावर पूर्वी वेगवेगळी मतं होती. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका आरटीओ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करता येणार नाही हे स्पष्ट केलं.

इंजिन बदलायचंच नाही, असा याचा अर्थ नाही. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवता येतं. आरटीओची परवानगी घ्यायची आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. अडतं ते 'त्याच प्रकारचं' या शब्दांपाशी.

आमच्याच गाडीचं पाहा. २००९ च्या वॅगन-आरमध्ये एफ१०डी हे इंजिन येतं: १०६१ सीसी, चार सिलिंडर, टायमिंग बेल्टवर चालणारं. २०१० मध्ये आलेल्या नव्या वॅगन-आरमध्ये के१०बी आहे: ९९८ सीसी, तीन सिलिंडर, बेल्टऐवजी चेन. कंपनी एक, गाडीचं नावही एक, पण इंजिनाचा प्रकार निराळा. आरसीवर क्युबिक कपॅसिटी १०६१ आणि सिलिंडर ४ लिहिलेलं असताना बोनेटखाली ९९८ सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन सापडलं, तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने वेगळीच गाडी ठरते.

मेहुण्याचा प्रश्न रास्त होता: नवं इंजिन जास्त स्वच्छ आहे, मग हरकत काय? हरकत ही की गाडीची मान्यता नुसत्या इंजिनाला मिळत नाही. इंजिन, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक), धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सर, गिअरबॉक्स, ब्रेक आणि वजन धरून पूर्ण मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते आणि त्यावर मान्यता मिळते. गॅरेजमध्ये माउंटिंग वेल्ड करून आणि वायरिंग जोडून तयार झालेल्या गाडीची अशी चाचणी कोणीच केलेली नसते. मला स्वतःला हे पटतं. चार माणसं घेऊन हायवेवर धावणारी गाडी आहे ती.

पात्र कोण

गाडीत आधीपासून असलेल्या प्रकारचंच इंजिन बसवणार असाल, तर अर्ज करता येतो. आहे त्याच ब्लॉकवर बोअरिंग, पिस्टन, रिंगा, हेडचं काम करणार असाल आणि इंजिन नंबर तोच राहणार असेल, तर ती दुरुस्ती आहे, परवानगी लागत नाही. फक्त बिलं जपून ठेवा. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर रूपांतर करायचं असेल तर कायद्यात वेगळी सोय आहे, पण किट मान्यताप्राप्त हवं आणि त्याचीही आरसीवर नोंद हवी. वेगळ्या सीसीचं किंवा वेगळ्या प्रकारचं इंजिन मात्र बसवू नका, ते नव्या मॉडेलचं असलं तरी.

गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी घ्या. आरसीची मुदत संपली असेल तर आधी तिचं बघा. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे नमुना २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. त्या वेळी गाडी तपासली जाते आणि चोरून बदललेलं इंजिन बहुधा तिथेच उघडं पडतं.

कागदपत्रं

मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, मालकाचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन हे नेहमीचं. कस लागतो तो इंजिनाच्या कागदांचा.

नवं इंजिन अधिकृत विक्रेत्याकडून घेत असाल तर जीएसटी बिलावर इंजिन नंबर छापून घ्या. हे इंजिन तुमच्या मॉडेलचंच आहे असं विक्रेत्याचं किंवा सर्व्हिस सेंटरचं पत्र मिळालं तर काम सोपं होतं. कंपनीकडून आलेल्या ब्लॉकवर नंबर कोरलेला नसेल तर स्वतः पंच मारू नका, मारूही देऊ नका. आधी आरटीओच्या निरीक्षकाला विचारा.

जुनं इंजिन घेताना त्याचा इतिहास कागदावर हवा. ते कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीच्या आरसीची प्रत, मालकाचं विक्रीपत्र, आणि गाडी मोडीत गेली असेल तर तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा. आम्हाला पहिलं इंजिन एका दुकानात स्वस्तात मिळत होतं. दुकानदार म्हणाला, नंबर आहे. मी ब्लॉकवरचं काळं तेल चिंधीने पुसलं, कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. सुरुवातीची अक्षरं उमटली, पुढचे चार आकडे सपाट. कोणीतरी ग्राइंडर फिरवला होता. तिथून आम्ही रिकाम्या हाताने निघालो. दुसरं इंजिन अपघातात निकामी झालेल्या एका गाडीचं मिळालं, मालकाने रीतसर आरसी रद्द केली होती आणि सगळे कागद दिले.

सेकंडहँड इंजिनाचा नंबर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या ऑनलाइन सेवेत टाकून बघा. चोरीच्या गाडीची नोंद तिथे दिसते. तो अहवाल अर्जाला जोडा. जुन्या इंजिनाचं काय केलं, तेही लिहून द्यावं: भंगारात दिलं असेल तर त्याची पावती.

अर्ज आणि तपासणी

आधी ऑफिस ठरवा. एमएच ३१ म्हणजे गिरीपेठचं नागपूर शहर कार्यालय, एमएच ४९ म्हणजे पूर्व नागपूर आणि एमएच ४० म्हणजे ग्रामीण. परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये 'अल्टरेशन ऑफ मोटर व्हेईकल' ही सेवा आहे. गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून अर्ज उघडायचा, शुल्क ऑनलाइन भरायचं, पावती काढायची. नोंदवलेला मोबाइल नंबर जुना असेल तर ओटीपीवरच काम अडतं, म्हणून तो आधी बदलून घ्या.

माझा आग्रह एकच: इंजिन उतरवण्याआधी परवानगी मागा. परवानगीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असंही कलम ५२ मध्ये आहे, आणि काही एजंट त्यावर बोट ठेवून "आधी बसवा, मग बघू" म्हणतात. पण ती तरतूद कळवण्याची आहे. चुकीच्या प्रकारचं इंजिन त्याने बरोबर ठरत नाही. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तपासणीला मूळ कागद घेऊन गाडी न्यावी लागते. इंजिन आणि चेसिस नंबरची जागा आदल्या दिवशी डिझेलने पुसून स्वच्छ करा. निरीक्षक प्रत्यक्ष नंबर वाचतात आणि पेन्सिल प्रिंट घेतात. मॉडेल कोडची अक्षरं इंजिन नंबरच्या सुरुवातीलाच असतात. एफ१०डीच्या जागी के१०बी दिसलं तर पुढचं काही बघायची गरजच उरत नाही.

विमा

हा भाग लोक विसरतात. पॉलिसीवर जुना इंजिन नंबर राहिला आणि अपघात झाला, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर नंबर जुळवतो आणि दावा अडकतो. आरसीवर नोंद झाली की तिची प्रत देऊन पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घ्या. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सीसीवर ठरतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांत खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये होते. म्हणजे सीसीची चुकीची नोंद विम्याचा गटच बदलून टाकते.

मेहुण्याच्या गाडीत शेवटी एफ१०डीच बसलं. नवं आरसी कार्ड हातात आलं तेव्हा आम्ही खिडकीजवळच उभं राहून त्यावरचा इंजिन नंबर पेन्सिल प्रिंटशी एकेक आकडा ताडून पाहिला, एम-परिवहन अ‍ॅपमध्येही तोच दिसतो का ते तपासलं, आणि मगच गाडी बाहेर काढली.