औषधे आणि रुग्णालयातील रुग्णांचे पडणे

रुग्णालयात दाखल असलेला रुग्ण कॉटवरून उतरताना, चालताना किंवा शौचालयात पडतो, तेव्हा त्यामागे त्याला चालू असलेल्या औषधांचा हात बरेचदा असतो. उतारवय, अशक्तपणा, अधू दृष्टी, ओली फरशी ही कारणे जोडीला असतातच. पण वय कमी करता येत नाही, गोळी कमी करता येते. त्यामुळे प्रतिबंधाचा विचार करताना औषधांकडे आधी पाहिले जाते.

झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या औषधांचा क्रमांक यात वरचा. बेंझोडायझेपिन गटातील डायझेपामची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला एक ते दोन दिवस लागतात, आणि त्यापासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक त्याहूनही जास्त काळ टिकतो. वृद्धांमध्ये हा काळ आणखी लांबतो. परिणामी रोज रात्री दिलेली गोळी साठत जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण भरदिवसाही पेंगुळलेला दिसतो. झोल्पिडेम ही झोपेची गोळी लवकर उतरते म्हणून तुलनेने निर्धोक मानली जाई. मात्र अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे औषध प्रत्यक्ष दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३ टक्के पडल्याचे आढळले. लिहून दिले होते पण दिले गेले नाही, अशांमध्ये हेच प्रमाण ०.७ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी त्याचा नेहमीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. नैराश्यावरील आणि मनोविकारांवरील औषधे, अफूजन्य वेदनाशामके, सर्दीवरील जुनी गुंगी आणणारी औषधे हीदेखील याच पंगतीतली. अर्थात वेदना तशीच ठेवली तरी रुग्ण नीट चालू शकत नाही, हेही खरे.

दुसरी वाट रक्तदाबाची. उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिमी पाऱ्याने उतरला, तर त्याला स्थितिजन्य अल्परक्तदाब म्हणतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, गुडघे सैल पडतात. प्राझोसिनसारख्या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाच्या पहिल्याच डोसानंतर हे घडू शकते; हृदयविकारातील छातीदुखीवरील नायट्रेट आणि लघवी वाढवणारी औषधेही कारणीभूत ठरतात. रुग्णालयात याला एक वेगळीच कलाटणी मिळते. घरी रक्तदाबाच्या तीन गोळ्यांपैकी एखादीच, तीही आठवेल तेव्हा घेणाऱ्या माणसाला वॉर्डात तिन्ही गोळ्या वेळच्या वेळी मिळतात. फाइलमध्ये काहीच बदललेले नसते, शरीराच्या दृष्टीने मात्र डोस एकदम वाढलेला असतो. त्यात उपाशी ठेवलेले असेल किंवा जुलाब होत असतील, तर दाब आणखी खाली जातो.

काळवेळाचा मुद्दा फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतो. तोंडावाटे दिलेले हे औषध तासाभरात काम सुरू करते आणि सहा ते आठ तास करत राहते. संध्याकाळचा डोस सहाऐवजी आठला दिला गेला, दहाला झोपेची गोळी दिली, की बाराच्या सुमारास रुग्णाला लघवीची घाई होते आणि नेमकी तेव्हाच गुंगी भरात असते. दिवे मंद केलेले, कॉटचा कठडा वर, हाताला सलाईनची नळी, चपला कुठेतरी खाली सरकलेल्या. परिचारिकेला रात्री उठवायचे कसे, या संकोचाने तो बेल दाबत नाही आणि कठड्यावरून पाय टाकतो. दोन्ही औषधे आपापल्या जागी योग्यच होती. चुकली ती वेळेची सांगड. आतडी साफ करण्यासाठी तपासणीच्या आदल्या रात्री दिलेल्या रेचकाचीही हीच गत होते.

काही औषधे थेट तोलावर घाला घालतात. फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाची रक्तातील पातळी वाढली की चाल झोकांड्या खाऊ लागते. जेंटामायसिन हे प्रतिजैविक आतील कानातील तोलाच्या यंत्रणेला कायमची इजा करू शकते. मांडीतील नस बधिर करून गुडघ्याची शस्त्रक्रिया केली असेल, तर पाय जागच्या जागी ठीक वाटतो, पण वजन टाकताच मुडपतो. इन्सुलिन दिले आणि जेवण लांबले, तर साखर उतरून भोवळ येते.

गुण देऊन पडण्याचा धोका मोजण्याच्या पट्ट्या औषधांना सारखे महत्त्व देत नाहीत. मोर्स मापनात औषधांना स्वतंत्र गुण नाहीत, शिरेतील नळीला मात्र आहेत. दुसऱ्या आवृत्तीतील हेंड्रिक मापन अपस्माराच्या औषधांची व बेंझोडायझेपिनची नोंद घेते. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये तर अशा भाकीत करणाऱ्या पट्ट्या वापरूच नयेत असे सुचवले. गुणांची बेरीज करत बसण्यापेक्षा कालपासून कोणते औषध नवे सुरू झाले, कोणाचा डोस वाढला, हे विचारणे जास्त उपयोगाचे.

कार्यकारणभाव मात्र जपून जोडावा लागतो. भ्रमावस्थेत सैरभैर झालेल्या रुग्णालाच शामक औषध दिले जाते, आणि तसा रुग्ण औषधाविनाही पडलाच असता. केवळ औषधांचा आढावा घेतल्याने रुग्णालयातील पडणे घटते, याचा पुरावाही तोकडा आहे. शिवाय वर्षानुवर्षे चालू असलेले बेंझोडायझेपिन दाखल होताच बंद केले, तर झोप उडते, थरथर सुटते, प्रसंगी झटके येतात. ते टप्प्याटप्प्यानेच उतरवावे लागते.

रक्त पातळ करणारी औषधे पाडत नाहीत, पण पडण्याची किंमत वाढवतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेऊन हाडे ठिसूळ झालेल्यांचेही तसेच. साध्या पडण्याने खुबा मोडतो. वॉरफेरिन किंवा तत्सम औषधावर असलेल्या रुग्णाच्या डोक्याला मार लागला, तर तो शुद्धीवर असला आणि बाहेरून खूण दिसत नसली तरी सीटी स्कॅनचा विचार लगेच केला जातो, कारण कवटीतील रक्तस्राव काही तासांनीही उघड होऊ शकतो.