घरच्या संगणकावर ठरल्या वेळी उतरणारी मेल : बिघाडांमागची पार्श्वभूमी

घरच्या संगणकाने ठरल्या वेळी, समोर कोणी नसताना, सर्व्हरशी जोडणी करावी, नवी मेल आपल्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि जोडणी तोडावी, ही सोय आता जुनी वाटत असली तरी वापरातून गेलेली नाही. नाशिकमध्ये अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या ज्या लघुउद्योजकाला खरेदी-आदेशांची प्रत स्वतःच्या ताब्यात हवी असते, किंवा घरातूनच काम पाहणाऱ्या ज्या करसल्लागाराला अशिलांची कागदपत्रे केवळ दूरच्या सर्व्हरवर ठेवणे पटत नाही, त्याच्या टेबलावरचा संगणक हे काम अजून करत असतो. ते एके दिवशी बंद पडले की पहिला हात पासवर्डकडे जातो. मात्र ही व्यवस्था कोणी एका वेळी बसून आखलेली नाही. तिचे थर चार दशकांत एकावर एक चढले, प्रत्येक थराने आपल्या काळाची गृहीतके तशीच पुढे आणली, आणि बहुतेक बिघाड या थरांच्या सांध्यांवरच होतात.

सर्वांत खालचा थर पीओपी (पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल) या, सर्व्हरवरची मेल संगणकाने कशी उचलावी हे ठरवणाऱ्या नियमावलीचा आहे. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१८ या, इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित मालिकेतल्या दस्तऐवजात आला, १९८८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, आणि मे १९९६ चा आरएफसी १९३९ हा दस्तऐवज आजही पीओपी३चा आधार आहे. लहान संगणक चोवीस तास जाळ्यावर राहू शकत नाही. तो अधूनमधून येईल, साठलेली मेल उचलेल, सर्व्हरवरची प्रत पुसेल आणि निघून जाईल, असे तिचे गृहीत होते. एका मेलपेटीवर एकाच संगणकाचा हक्क, हेही त्यातच आले.

या गृहीतातून आलेले दोन नियम आजही घरोघर डोकेदुखी करतात. पहिला नियम पुसण्याचा. मेल उतरवल्यावर प्रोग्रॅम ‘डेले’ ही आज्ञा देतो, पण तिने पत्रावर केवळ खूण होते. प्रत्यक्ष पुसणे शेवटची ‘क्विट’ ही आज्ञा पोचल्यावरच घडते. जोडणी मध्येच तुटली तर सर्व्हरने काहीही पुसायचे नाही, असे नियमावली सांगते, आणि पत्र हरवण्यापेक्षा ते दोनदा आलेले बरे, हा त्यामागचा विचार योग्यच होता. डायल-अपच्या दिवसांत चाळीस पत्रांपैकी अडतिसावे उतरत असताना घरातल्या कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की मोडेमची जोडणी तुटे आणि पुढच्या फेरीला तीच पत्रे पहिल्यापासून पुन्हा येत. हे टाळण्यासाठी १९९४ च्या सुधारणेत प्रत्येक पत्राला वेगळी ओळख देणारी ‘यूआयडीएल’ ही आज्ञा आली. कोणती पत्रे घेऊन झाली याची यादी मात्र घरच्या संगणकावरच्या फाइलमध्ये राहते, त्यामुळे डिस्क बदलली किंवा नवी प्रोफाइल केली, की सर्व्हरवर ठेवलेली वर्षानुवर्षांची मेल एकदम पुन्हा उतरू लागते. त्यात सर्व्हरचा दोष नसतो.

दुसरा नियम कुलपाचा. एक जोडणी चालू असेपर्यंत सर्व्हर ती पेटी दुसऱ्यासाठी बंद ठेवतो, आणि अडकून पडलेली जोडणी स्वतःहून सोडायची असेल तर किमान दहा मिनिटे थांबावे, असे बंधन त्याच्यावर आहे. ज्याने वेळापत्रक दर पाच मिनिटांचे लावले आहे, त्याची एक फेरी अडकली की पुढची फेरी बंद पेटीवर आपटते आणि नकार मिळतो. हा नकार कित्येक प्रोग्रॅम पासवर्ड चुकल्याच्या सुरातच दाखवतात, आणि बिचारा माणूस धडधाकट पासवर्ड बदलून बसतो. अशा वेळी आधी वेळापत्रक थांबवावे, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग एक फेरी हाताने चालवून पाहावी.

१९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप या मेलच्या दुसऱ्या नियमावलीची आखणी केली. त्यात पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि अनेक उपकरणे त्यांच्याकडे एकाच वेळी पाहू शकतात. जून १९९७ मध्ये नवी मेल आल्याची वर्दी सर्व्हरने आपणहून देण्याची सोयही त्यात आली. त्यामुळे बहुतेकांची वेळापत्रकाची गरज संपली. ज्यांना प्रत स्वतःकडेच हवी होती, ते जुन्या वाटेवर राहिले.

वेळापत्रकाचा थर वेगळ्या कारणाने आला. युनिक्स या संगणक-प्रणालीवर ठरल्या वेळी कामे चालवणारा ‘क्रॉन’ १९७० च्या दशकापासून होता आणि पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली त्याची आवृत्ती पुढे युनिक्सच्याच धर्तीच्या लिनक्सवर रुळली. मेल ठरावीक वेळीच आणण्याची गरज मात्र आपल्याकडे पैशाने निर्माण केली. व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सुरू केली ती महानगरांत. स्थानिक क्रमांक मिळेपर्यंत नाशिकहून जोडणी म्हणजे एसटीडी कॉल, आणि एसटीडी रात्री उशिरा स्वस्त. ‘जोडणी कर, मेल आण, फोन ठेव’ ही आउटलुक एक्स्प्रेसमधली सोय त्या काळाला नेमकी मानवली. पुढे २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले, आणि त्याच्या काही घरगुती योजनांत रात्री २ ते सकाळी ८ पर्यंतचा वापर मोजला जात नसे. मोठ्या जोडपत्रांची मेल रात्री दोननंतर उतरवण्याची सवय तेव्हाची आहे. योजना गेल्या, पण जुन्या संगणकांत २ वाजून ५ मिनिटांची नोंद अजून सापडते.

रात्री दोनला संगणक चालू असेल, हे गृहीत इथे फसते. त्या दशकातल्या भारनियमनात वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, आणि क्रॉन तर चुकलेली वेळ मागाहून भरून काढत नाही. तेवढ्यासाठीच लिनक्सवर ‘अ‍ॅनाक्रॉन’ आला. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये चुकलेले काम नंतर चालवण्याची खूण आपण स्वतः करावी लागते. शिवाय लॅपटॉप बॅटरीवर असेल तर काम सुरूच करायचे नाही, ही खूण तिथे मुळातच केलेली असते. वीज गेली आणि मेलही थांबली, तर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या राउटरला दोष देण्याआधी ही खूण पाहावी. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक जागा असते, ती म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. तो संपला की वीज जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग नेमलेली वेळ येतच नाही, आणि आली तरी सर्व्हरची ओळख पटवणारे, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र ‘अजून वैध झालेले नाही’ म्हणून जोडणी नाकारली जाते. सेल स्वस्त आहे, पण या कारणाकडे लक्ष सर्वांत शेवटी जाते.

१९९६ मध्ये एरिक रेमंड यांनी एक जुना प्रोग्रॅम हाती घेऊन ‘फेचमेल’ घडवला आणि लिनक्सच्या घरगुती संगणकांवर तोच मेल उतरवण्याच्या कामाचा गडी झाला. त्याची एक लकब माहीत असावी. नवी मेल नसली तर तो काम संपवताना ० ऐवजी १ हा आकडा परत देतो, आणि १ म्हणजे बिघाड असे मानणारी स्क्रिप्ट (त्याला चालवणारी आज्ञांची छोटी फाइल) त्यामुळे उगाच ओरडत राहते. पासवर्ड असलेली त्याची फाइल इतरांना वाचता येत असेल तर तो चालायलाच नकार देतो, आणि हे त्याचे वागणे मला रास्त वाटते.

गुप्ततेचा थर बराच उशिरा चढला. मूळ पीओपी पासवर्ड उघडा पाठवे. जोडणी सांकेतिक करण्याची रीत जून १९९९ मध्ये लिहिली गेली, आणि पहिल्यापासूनच सांकेतिक असलेली जोडणी, म्हणजे पीओपीसाठी ९९५ आणि आयमॅपसाठी ९९३ हे पोर्ट (सर्व्हरवरची क्रमांकित दारे), वापरण्याची स्पष्ट शिफारस यायला २०१८ उजाडले. ११० किंवा १४३ या, सुरुवातीला उघड्या असणाऱ्या जोडणीच्या जुन्या पोर्टांवर अडलेल्या जुन्या नोंदी आधी बदलाव्यात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेच्या साखळीतले, बाकीची ज्यावर विसंबतात असे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले, आणि वर्षानुवर्षे अपडेट न केलेल्या कितीतरी संगणकांची जोडणी कोणीही काही न बदलता त्या दिवशी तुटली.

सर्वांत वरचा आणि आज सर्वाधिक अडवणारा थर ओळख पटवण्याचा आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रॅमना नुसत्या नेहमीच्या पासवर्डने आत येणे बंद केले, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केले. नवी पद्धत, म्हणजे ब्राउझरमध्ये लॉगिन करून प्रोग्रॅमला परवानगी देण्याची, पडद्यासमोर माणूस बसला आहे असे धरून चालते, आणि रात्री दोनला तिथे कोणीच नसते. जीमेलवर यातून वाट आहे ती अ‍ॅप पासवर्डची: खात्याला दुहेरी पडताळणी लावल्यावर तो सोळा अक्षरी पासवर्ड तयार करून प्रोग्रॅममध्ये टाकावा लागतो. मात्र खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की असे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. घरातल्या कोणी मोबाइलवरून पासवर्ड बदलला असेल, तर त्या रात्रीपासून मेल उतरणे थांबते आणि नवा अ‍ॅप पासवर्ड करून दिल्याशिवाय ते सुरू होत नाही.