छिन्नमनस्कतेच्या टप्प्यांनुसार मेंदूच्या रचनेत होणारे बदल

छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) या आजारात मेंदूचे काही भाग सरासरीने किंचित लहान किंवा पातळ आढळतात. चाहुलीचा काळ (आजार उघड होण्याआधीचा), पहिला उद्रेक आणि जुनाट अवस्था या टप्प्यांनुसार हे बदल वेगळे दिसतात. सोलापुरात मोहोळ-मंगळवेढ्याकडून येणारे नातेवाईक एमआरआयचे मोठे पाकीट काखेत घेऊन येतात आणि ‘मेंदूत काय निघालं?’ असे विचारतात. रिपोर्टात बहुधा ‘नॉर्मल’ लिहिलेले असते, आणि आजार तरीही खरा असतो. कारण हे बदल शेकडो स्कॅन एकत्र मोजल्यावरच उघड होतात.

लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात १९७६ मध्ये सीटी स्कॅनवर जुन्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या, तेव्हापासून या अभ्यासाने वेग घेतला. त्याआधी बरीच वर्षे हा आजार निव्वळ मनाचा, किंवा आईच्या वागण्यामुळे झालेला, असेही सांगितले जाई. आयांवर झालेला तो अन्यायच होता.

चाहुलीच्या काळात मुलगा कॉलेजला जाईनासा होतो, झोप उडते, संशय वाढतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २००३ मध्ये अशा जोखमीच्या ७५ जणांचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्यांतील २३ जणांना पुढे मनोविकृती (भास-भ्रमांचा आजार) झाली. त्यांच्या शंखखंडाच्या (कानाजवळचा भाग) व ललाटखंडाच्या (कपाळामागचा भाग) काही भागांत करडे द्रव्य, म्हणजे पेशींनी भरलेला भाग, आधीपासूनच कमी होते. बाकीच्यांना ती झाली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

पहिल्या उद्रेकापर्यंत पोकळ्या थोड्या रुंदावलेल्या आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस लहान झालेला असतो. ऐकलेले बोलणे उलगडणाऱ्या शंखखंडाच्या वरच्या पट्ट्यातही घट दिसते. कानात आवाज येण्याशी तिचा संबंध जोडला जातो. घट सुरुवातीच्या काही वर्षांत अधिक वेगाने होते, असे बरेच अभ्यास सांगतात. मात्र अल्झायमरप्रमाणे पेशी मोठ्या प्रमाणावर मरत नाहीत. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत पेशींच्या शाखा व जोडण्या विरळ आढळल्या. किशोरवयात जास्तीच्या जोडण्या छाटल्या जातात. ही छाटणी इथे प्रमाणाबाहेर होत असावी, असा तर्क १९८२ मध्ये मांडला गेला आणि २०१६ मध्ये सी-४ या रोगप्रतिकार यंत्रणेशी संबंधित जनुकावरील संशोधनाने त्याला बळ मिळाले.

जुनाट अवस्थेत बाह्यकाचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) पातळपणा अधिक पसरतो. २,०२८ रुग्णांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला व थॅलॅमस हे मेंदूच्या आतले भाग लहान, तर पॅलिडम हा आतलाच भाग मोठा आढळला. यात आजाराचा वाटा किती आणि औषधे, तंबाखू, मधुमेह यांचा किती, हे वेगळे काढणे कठीण. काही औषधांचा मेंदूच्या आकारमानावर परिणाम होतो हे खरे. पण तेवढ्यावरून गोळ्या बंद केल्या, तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषाकडे महिने घालवणेही महागात पडते, कारण उपचाराविना जितका काळ जातो तितकी सुधारणा अवघड होते.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये काय किंवा खासगी दवाखान्यात काय, निदान होते ते रुग्णाशी आणि घरच्यांशी मराठी, कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत नीट बोलून. एमआरआय सांगितला जातो तो मुख्यतः गाठ, मेंदूतील फीतकृमीच्या अळ्या किंवा मेंदूची सूज नाही ना, हे पाहण्यासाठी.