ओल्ड जज आणि ॲलन ॲन्ड गिंटर : ठिपका नेमका कुठे हवा?

"भिंगाखाली ठिपके दिसले की कार्ड नकली." जुन्या बेसबॉल कार्डांच्या नादी लागलेल्याला हा नियम कुणीतरी पहिल्याच आठवड्यात शिकवतं आणि तो आयुष्यभर डोक्यात बसतो. ओल्ड जज आणि ॲलन ॲन्ड गिंटर ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी कार्डं. ओल्ड जजच्या बाबतीत नियम खरा आहे. ॲलन ॲन्ड गिंटरला तोच लावलात तर अस्सल कार्ड खोटं म्हणून परत कराल. असं करणारे लोक मी पाहिलेत. वाईट वाटतं, कारण चूक त्यांच्या नजरेत नसते, त्यांना मिळालेल्या शिकवणीत असते.

ॲलन ॲन्ड गिंटरबद्दल थोडक्यात. व्हर्जिनियातल्या रिचमंडची सिगारेट कंपनी. 1887 चा 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स' हा 50 कार्डांचा संच, त्यात बेसबॉलपटू फक्त 10 : अँसन, किंग केली, कोमिस्की, क्लार्कसन वगैरे. बाकी मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नावाडी, नेमबाज वगैरे. मागे संचातल्या नावांची यादी. टॉप्स कंपनी 2006 पासून याच नावाने आणि याच धाटणीत नवी कार्डं काढते. त्यावर बहुतेक आजचे खेळाडू असतात, त्यामुळे तो गोंधळ पाच सेकंदांत मिटतो.

ओल्ड जज हा न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीचा ब्रँड. साधारण 1886 ते 1890 या काळात त्यांनी पाचशेहून जास्त खेळाडूंची, हजारोंच्या घरात जातील इतक्या वेगवेगळ्या पवित्र्यांतली कार्डं सिगारेटच्या पाकिटांत घातली. पाठ कोरी. बर्डिक या संग्राहकाने केलेल्या अमेरिकी कार्डांच्या सूचीत यांचा क्रमांक एन 172, गिंटरच्या 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स'चा एन 28. 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखू कार्डं. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं प्रसिद्ध कार्ड टी 206 या संचातलं, म्हणजे विसाव्या शतकातलं. ते या गप्पांत कृपया आणू नका.

आता मुद्द्याचं. ओल्ड जज छापलेलं नाही. तो फोटो आहे, खराखुरा. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावर चांदीच्या क्षारांनी उमटवलेला आणि मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. त्याला अल्ब्युमेन प्रिंट म्हणतात. निगेटिव्हवरून प्रत्येक प्रत उजेडात धरून काढायची, धुवायची, कापायची. शाईचा संबंधच नाही. म्हणून दहापट भिंगाखाली त्यात ठिपका दिसत नाही, रेघही दिसत नाही. गडद तपकिरी हळूहळू फिकट होत जातो आणि फारच जवळ गेलात तर कागदाचे तंतू दिसतात. इथे ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला : कुणीतरी फोटोचा फोटो घेऊन छापलाय.

गिंटर ही शिळाछाप आहे, रंगीत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि दगडावर कारागिराने हाताने मारलेले बारीक ठिपके. गालाची लाली, टोपीची सावली, सगळं त्या ठिपक्यांतून येतं. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली, आधी मुंबईत आणि मग मळवलीला निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं याच पद्धतीची. आजीच्या देवघरातलं एखादं जुनं चित्र भिंगाखाली धरा. देवीच्या गालावर जे वेडेवाकडे, लहानमोठे ठिपके दिसतील, तेच किंग केलीच्या गालावर असायला हवेत.

म्हणजे गिंटरमध्ये प्रश्न 'ठिपके आहेत का' हा नसतोच. ठिपके कसे आहेत, एवढंच बघायचं. हाताचे ठिपके ओळीत बसत नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, एकेक ठिपका एका सलग रंगाचा, आणि चेहऱ्याच्या गोलाईप्रमाणे वळत जाणारे. आधुनिक ऑफसेट छपाईत ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे असतात. निळा, किरमिजी, पिवळा, काळा असे चार रंग, ठरलेल्या कोनात, एकमेकांभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी करून. नावाची अक्षरंही बघा : अस्सल कार्डात अक्षर सलग शाईचं असतं, स्कॅन करून छापलेल्यात बऱ्याचदा अक्षराच्या कडासुद्धा ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की बसला. त्यासाठी महागडं कार्डही लागत नाही. रविवर्म्याचं जुनं चित्र आणि आजच्या मासिकाचं मुखपृष्ठ शेजारी ठेवा.

कंपनीच्या नावावरून मात्र काहीही ठरवू नका. ओल्ड जज काढणाऱ्या याच गुडविनने 1888 मध्ये 'चॅम्पियन्स' नावाचा रंगीत शिळाछाप संच काढला. गुडविन म्हटलं की फोटो असं पाठ केलेला माणूस तिथे हमखास घसरतो. (ते नावही आता एका नव्या संचाला वापरतात.)

फोटो की छपाई यावरून आणखी एक गोष्ट ठरते, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. अल्ब्युमेनचा फोटो उडतो. उजेड, दमट हवा, हवेतला गंधक यांनी चांदी विरत जाते, पांढरं पिवळं पडतं, आणि खेळाडूच्या जागी फिकट गुलाबी भूत उरतं. तरीही कोपरे टोकदार असले तर अशा कार्डाला चांगला ग्रेड (कार्डाच्या अवस्थेला तपासणाऱ्यांनी दिलेला आकडा) मिळू शकतो, आणि लोक तो आकडा विकत घेतात. मला हे पटत नाही, कधी पटणारही नाही. फोटो बघायचा की पुठ्ठ्याचे कोपरे? कोपरा मोडलेलं, मागे डिंकाचा डाग असलेलं, पण मिशीचा केस न् केस दिसणारं ओल्ड जज मी डोळे मिटून घेईन. गिंटरच्या बाबतीत कोपऱ्यांचा आग्रह मी समजू शकतो, कारण तिथे शाई बरीच टिकते आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर घडी लगेच डोळ्यांत भरते.

आणि कुठलंही कार्ड लॅमिनेट करू नका. मुंबई-कोकणच्या हवेत जपायचं असेल तर ॲसिडमुक्त पाकीट, कोरडं कपाट, अंधार. पुरे.

आकार, वजन, कागदाचा वास यांवर बोलण्यात अर्थ नाही. दोन्ही कार्डं जेमतेम दोन बोटं रुंद आहेत आणि नक्कल करणारा पट्टी वापरतोच. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला तर तो बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, हे मात्र दोन्हींना लागू.

ओल्ड जज हातात आलं की ठिपके नाहीत याची खात्री झाल्यावर मी दोरी शोधतो. यांतले बरेचसे फोटो ब्रुकलिनमध्ये जोसेफ हॉलच्या स्टुडिओत निघाले. तेव्हाच्या कॅमेऱ्याला उडता चेंडू पकडता येत नव्हता, म्हणून चेंडू छताला दोरीने टांगायचे आणि खेळाडू तो झेलत असल्यासारखा उभा राहायचा. चांगल्या प्रतीत ती दोरी केसाएवढी बारीक, पण सलग दिसते. ती दिसली की मी भिंग खाली ठेवतो.