व्हायोलिनवरील अलंकरण

व्हायोलिनवरील अलंकरण : व्हायोलिनच्या कडेने फिरणारी काळी-पांढरी रेघ (पर्फलिंग), मानेच्या टोकाची गुंडाळी (स्क्रोल), पोटावरील (तारांखालच्या पुढच्या फळीवरील) एफ या रोमन अक्षराच्या आकाराची एफ-छिद्रे, तसेच क्वचित आढळणारे जडावकाम, चित्रकाम व कोरीव शिरे या सर्वांसाठी येथे ही संज्ञा वापरली आहे. यांपैकी शेवटचे तीन प्रकार निखळ शोभेचे आहेत. पहिल्या तिहींबाबत मात्र शोभा कोठे संपते आणि उपयोग कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड असून अभ्यासकांचे मतभेदही मुख्यतः तेथेच आहेत.

कडेची रेघ : दुरून शाईने ओढल्यासारखी वाटणारी ही रेघ चांगल्या वाद्यात तीन पातळ लाकडी पट्ट्यांची असते, दोन काळ्या व मधली पांढरी. तिन्हींची मिळून जाडी साधारण सव्वा मिलिमीटर भरते. पोटाच्या व पाठीच्या फळीवर काठापासून सुमारे ४ मिमी. आत, जवळजवळ २ मिमी. खोल खाच कोरून तीत या पट्ट्या सरसाने बसवतात. काठाशी फळीची जाडी ४ मिमी.च्या आसपास असल्याने खाच जवळपास निम्म्या जाडीपर्यंत उतरते. इटलीतील क्रेमोना येथील व्हायोलिनकार आंतोनियो स्त्रादिवारी (सु. १६४४–१७३७) याने काळ्या पट्ट्यांसाठी रंगवलेले नासपतीचे आणि पांढरीसाठी पॉप्लरचे लाकूड वापरले, असे सामान्यतः मानले जाते. ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांनी काळ्या पट्टीसाठी देवमाशाच्या तोंडातील शृंगी पट्ट्याही वापरल्या.

या रेघेचे रूढ स्पष्टीकरण असे की, ती चीर थोपवते. पोटाची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते आणि हे लाकूड तंतूंच्या दिशेने सहज चिरते. काठाला ठोकर बसली की चीर तंतूंच्या रेषेने आत धावते आणि वाटेत आडवी आलेली पट्टी तिला अडवते. गोधडीचा काठ उसवू नये म्हणून त्याला पट्टी शिवतात, तसाच हा हिशेब आहे. येथे एक बारकावा मात्र बहुधा सुटतो. तंतू वाद्याच्या लांबीने धावत असल्यामुळे रेघ त्यांना खरी आडवी जाते ती वरच्या व खालच्या टोकांशी. बाजूंना ती तंतूंना बरीचशी समांतर असते आणि तेथे चीर अडवण्यास तिचा फारसा उपयोग नाही. मेपलच्या पाठीला तर चिरण्याची भीती मुळातच कमी असते. तरीही रेघ सर्वत्र आणि दोन्ही फळ्यांवर सारख्याच निगुतीने घातलेली असते, यावरून केवळ संरक्षणाचे कारण पुरेसे नाही असे दिसते. खाचेमुळे फळीचा काठ लवचिक होतो व फळी अधिक मोकळेपणी कंप पावते, असे दुसरे मत आहे. पण खाच पट्टी व सरसाने पुन्हा भरली जात असल्याने हा परिणाम कितपत उरतो याबद्दल एकवाक्यता नाही. रेघ आधी डोळ्यांसाठी आली आणि तिचा उपयोग नंतर ध्यानात आला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कारण व्हायोलिनपूर्वीच्या तंतुवाद्यांवरही कडेच्या रेघा व जडावाचे पट्टे आढळतात.

क्रेमोनातील कामाच्या क्रमाबद्दलचा एक पुरावा याच रेघेत मिळतो. पाठीच्या फळीच्या वरच्या व खालच्या टोकाशी छोट्या लाकडी खिळ्या दिसतात. बाजूपट्ट्यांवर फळी नेमकी बसावी म्हणून त्या ठोकलेल्या असत. स्त्रादिवारीच्या वाद्यांत या खिळ्या रेघेने अर्ध्या झाकलेल्या असतात. म्हणजे फळी बसवण्याची जागा आधी ठरली आणि रेघ नंतर घातली गेली. कोपऱ्यात जेथे दोन रेघा मिळतात, तेथे काळे टोक मधमाशीच्या नांगीसारखे बारीक होत पुढे सरकते. या नांगीची लांबी व कल पाहून जाणकार कारागीर ओळखण्याचा प्रयत्न करतात. इटलीतीलच ब्रेशा येथील कारागीर जोव्हान्नी पाओलो माज्जीनी (सु. १५८०–१६३०) अनेकदा दुहेरी रेघ घालत असे आणि पाठीवर तिचीच वळणे घेऊन आकृत्या काढी, पुढे या लकबीची इतकी नक्कल झाली की, दुहेरी रेघ हा माज्जीनीचा पुरावा धरता येत नाही.

गुंडाळी : मानेच्या टोकाच्या गुंडाळीचा नादाशी म्हणण्यासारखा संबंध नाही. रेबेकसारख्या जुन्या वाद्यांत खुंट्यांची पेटी कोयत्यासारखी मागे वळलेली असे, तर लिरा दा ब्राच्चो या जुन्या गजवाद्यात ती पानासारखी चपटी होती. गुंडाळीचा उगम पहिल्या प्रकारात शोधणे अधिक योग्य ठरेल. तिच्या रेखाटनाविषयी बराच वाद आहे. व्हायोलिनकार व अभ्यासक सिमोने साक्कोनी (१८९५–१९७३) याने स्त्रादिवारीच्या गुंडाळीची सांगड आर्किमिडीजच्या सर्पिलाशी आणि वास्तुकार विन्योला याने १५६२ मध्ये दिलेल्या आयोनिक या ग्रीक शैलीच्या स्तंभाच्या वलयरचनेशी घातली. हे मत आकर्षक आहे, परंतु हाताने कोरलेल्या गुंडाळ्यांचे डावे व उजवे अंगही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे भूमितीवर आखलेल्या साच्याने सुरुवात आणि पटाशीने शेवट, एवढेच खात्रीने म्हणता येते. लाकडी वाड्यात तुळईखालच्या हस्ताच्या टोकाशी सुतार जी गुंडाळी कोरतो, तीही याच पद्धतीने आकाराला येते. स्त्रादिवारी गुंडाळीच्या कडा काळ्या करी. बहुतेक वाद्यांवरचा हा रंग झिजून गेला असला, तरी ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातील ‘मसाया’ (१७१६) या जवळजवळ न वाजवलेल्या वाद्यावर तो अजून दिसतो.

गुंडाळीऐवजी शिर कोरण्याची प्रथाही होती. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातील कारागीर याकोप श्टायनर (मृ. १६८३) याची सिंहमुखी वाद्ये प्रसिद्ध आहेत. नॉर्वेच्या हार्डांगर फिडल या लोकवाद्यावर सिंहाचे किंवा ड्रॅगनचे शिर, शिंपल्याचे जडाव आणि शाईची वेलबुट्टी असते. या प्रकारातील सर्वांत जुन्या वाद्याचा काळ परंपरेने १६५१ धरला जातो.

एफ-छिद्रे : ही केवळ नक्षी नसून वाद्याच्या पोकळीतील हवेची वाट आहे. छिद्रातून हवेचा प्रवाह कडेशी सर्वाधिक असतो, म्हणून तेवढ्याच क्षेत्रफळात कड जितकी लांब तितका मंद्र नाद अधिक बाहेर पडतो, असे २०१५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवले. गोल छिद्रापासून एफ-आकारापर्यंतचा प्रवास काही शतकांचा आहे. नकलेतील लहानसहान फरक आणि त्यांतून कारागिराच्या कानाने केलेली निवड यांतून तो घडला असावा, असे त्यांचे अनुमान आहे. छिद्राच्या मध्यावरील खाचा तारांना आधार देणाऱ्या घोडीची जागा दाखवतात.

चित्रकाम व जडाव : क्रेमोनाचाच व्हायोलिनकार आंद्रेआ आमाती (सु. १५०५–७७) याने फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स (कार. १५६०–७४) याच्या दरबारासाठी केलेली मानली जाणारी वाद्ये पाठीवर राजचिन्हे, सोनेरी रंग आणि ‘धर्मनिष्ठा व न्याय’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद मिरवतात. संच ३८ वाद्यांचा होता ही माहिती परंपरागत आहे व ती सावधपणेच स्वीकारावी लागते. १५६४ सालचे म्हणून ओळखले जाणारे व्हायोलिन ॲशमोलियनमध्ये आहे. स्त्रादिवारीची जडावाची वाद्ये मोजकीच असून ‘हेलियर’ (१६७९), ‘ओले बुल’ (१६८७) व ‘ग्रेफ्युल’ (१७०९) ही त्यांपैकी होत. त्यांत कडेच्या दोन रेघांमध्ये काळ्या लुकणात हस्तिदंती टिकल्या व पत्त्यातील चौकटच्या आकाराचे तुकडे बसवलेले असतात, तर बाजूपट्ट्यांवर पानवेली व प्राणी असतात. या वेलींची त्याची कागदी रेखाटने क्रेमोनाच्या संग्रहालयात आहेत.

खानदेशातील संदर्भ : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या या प्रदेशात व्हायोलिन हे लोकवाद्य नव्हे, शास्त्रीय व सुगम संगीताच्या शिकवण्यांतून ते येथे आले. दुधीभोपळा व बांबूच्या पावरीला आदिवासी वादक मोरपिसे बांधतात, त्या शोभेशी येथील व्हायोलिनचा संबंध नाही. कडेच्या रेघेचा अर्थ मात्र येथील हवामानात विशेष स्पष्ट होतो. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याच्याही वर जातो आणि हवा कोरडी पडते; लाकूड आक्रसते, आणि दुपारी बंद पेटीतून ‘टक’ असा आवाज येऊन खालच्या बाजूची सांध सुटते. कूलरसमोर ठेवलेल्या वाद्याला याउलट ओल लागते आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की लाकूड पुन्हा फुगते. सरसाची सांध अशा वेळी लाकडाच्या आधी सुटते, हा तिचा दोष नसून गुण आहे; तीच पांढऱ्या कृत्रिम गोंदाने पक्की केली, तर पुढल्या उन्हाळ्यात सांधेऐवजी फळी चिरते.

अशी चीर टोकांशी थोपवू शकते ती खाचेत बसवलेली रेघच; म्हणून रेघ खरी की रंगवलेली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. फ्रान्समधील मिरकूर व जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन येथे एकोणिसाव्या शतकात घाऊक प्रमाणात वाद्ये बनू लागली. त्यांतील स्वस्त मालावर, आणि आजच्या कारखानी मालावरही, रेघ अनेकदा केवळ रंगाची असते. आत स्त्रादिवारीच्या नावाची चिठ्ठी असली तरी तिच्यावरून काहीच ठरत नाही. भिंगाखाली पाहिले असता रंगवलेल्या रेघेतून फळीचे तंतू अखंड पुढे गेलेले दिसतात, कोपऱ्यात नांगीऐवजी कुंचल्याचा बोथट ठिपका असतो आणि काठ झिजला असेल तेथे रेघही पुसलेली असते. खरी रेघ झिजेनंतरही खाली शिल्लक राहते.

बसून वाजवण्याच्या भारतीय पद्धतीत गुंडाळीला युरोपात नसलेले एक काम मिळाले. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचा एक भाग छातीशी टेकतो आणि गुंडाळी उजव्या पावलावर विसावते. त्यामुळे वाद्याचा भार डाव्या हातावर पडत नाही व तो मिंडेसाठी मोकळा राहतो. गजाननराव जोशी (१९११–८७), वि. गो. जोग (१९२२–२००४) व दा. के. दातार (१९३२–२०१८) यांच्यामुळे महाराष्ट्रात व्हायोलिनला एकलवाद्याची प्रतिष्ठा लाभली. या पद्धतीने वर्षानुवर्षे वाजवलेल्या वाद्याच्या गुंडाळीवरील वार्निश पावलाला टेकणाऱ्या बाजूने आधी उडते आणि तेथील कोरीव कड बोथट होत जाते.