ठिणगी वेळेच्या आधी का टाकायची: जुन्या पेट्रोल ट्रकचा डिस्ट्रिब्युटर आणि टायमिंग

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या माणसाला ट्रक म्हटलं की खनिजाचा टिपर आठवतो. तो डिझेलवाला, त्याला ना ठिणगी टाकणारा प्लग ना डिस्ट्रिब्युटर, हवा दाबून दाबून एवढी तापते की डिझेल आत शिंपडलं की आपोआप पेट घेतं. पण १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात अमेरिकन पेट्रोल गाड्या येत होत्या, आणि त्या काळातला एखादा ट्रक कुणी जपून ठेवला असेल तर त्याला ठिणगी लागते. ती कधी पडायची (हेच टायमिंग) आणि कुठल्या सिलेंडरला जायची हे ठरवणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आपण शेवरलेचं जुनं सहा सिलेंडरवालं इंजिन डोळ्यासमोर ठेवू, कारण ते शिकायला फार छान आहे.

बहुतेकांना वाटतं पिस्टन वर पोचला की ठिणगी पडते. नाही, ती आधीच पडते. सिलेंडरमध्ये पेट्रोलचा स्फोट होत नाही, तिथे आग पसरते, सड्यावरच्या सुक्या करडाला एका टोकाला काडी लावली की दुसऱ्या टोकाला पोचायला जसा वेळ जातो तशी. हा वेळ दोन मिलिसेकंद धरा. इंजिन ६०० आरपीएमवर आयडलला आहे, म्हणजे एका फेरीला १०० मिलिसेकंद, तेव्हा त्या दोन मिलिसेकंदात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ७ डिग्री फिरतो. तेच ३००० आरपीएमला एक फेरी २० मिलिसेकंदात होते आणि तेवढ्याच वेळात क्रँक ३६ डिग्री पुढे गेलेला असतो! जास्त आरपीएमला आत हवा जोरात घुसळते, आगही भराभर पसरते, म्हणून प्रत्यक्षात पूर्ण ३६ लागत नाहीत, पण ठिणगी आधी आणावी लागतेच. सगळ्यात जास्त दाब पिस्टन टॉपवरून खाली निघाल्यावर साधारण १५ डिग्रीला यायला हवा, तिथे क्रँकला चांगला रेटा मिळतो. हे सांभाळायला डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन छोटी वजनं आणि स्प्रिंग असतात, वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि कॅम (ठिणगीची वेळ साधणारा उंचवट्यांचा तुकडा) थोडा पुढे सरकतो. ना चिप ना सेन्सर, तरी हिशोब बरोबर, मला हे बघताना अजून आनंद होतो.

ठिणगीची करामत कॉइलची, म्हणजे तारेच्या दोन गुंडाळ्यांची. पॉइंट (कॅमने उघडमीट होणारा डिस्ट्रिब्युटरमधला छोटा स्विच) मिटलेले असताना कॉइलमधून करंट जातो, पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. म्हणजे ठिणगी पडते पॉइंट उघडताना, मिटताना नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की टायमिंग लावणं अर्धं समजलं.

आता डिस्ट्रिब्युटर बसवणं. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा टॉपला येतो, एकदा कॉम्प्रेशनला (मिश्रण दाबताना) आणि एकदा एक्झॉस्टला (धूर बाहेर टाकताना), आणि आपल्याला कॉम्प्रेशनवालाच हवा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, स्विच बंद. सगळे प्लग काढायचे म्हणजे इंजिन हाताने फिरवायचं हँडल हलकं फिरतं, पहिल्या सिलेंडरच्या भोकावर बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्याला हळू हँडल फिरवायला सांगायचं. हवा बोट ढकलायला लागली की कॉम्प्रेशन आलं. मग बेलहाउसिंगच्या (इंजिनामागच्या कवचाच्या) खिडकीतून फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचं जड चाक, बघायचं, त्यावर एक छोटी स्टीलची गोळी बसवलेली असते, साधारण ५ डिग्री आधीची खूण, ती काट्यासमोर आणायची. ही फेरी चुकली तर रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरून ठिणगी वाटणारा हात) पहिल्याच्या ऐवजी सहाव्याकडे बघतो, एक्झॉस्ट संपता संपता ठिणगी पडते आणि कार्बोरेटरमधून फाट करून जाळ येतो. इंजिन दणकट आहे, पण तोंड तिथे नेऊ नका.

डिस्ट्रिब्युटरचा गिअर तिरक्या दातांचा असतो, त्यामुळे तो खाली उतरताना रोटर थोडा फिरतोच. म्हणून काढताना तो किती फिरला ते बघून ठेवायचं आणि बसवताना तेवढाच मागे धरून सोडायचा. शेवटी थोडा वर अडकून राहिला तर डिस्ट्रिब्युटरची खालची पट्टी ऑइल पंपाच्या खाचेत बसलेली नाही असं समजायचं. बोल्ट आवळून जबरदस्तीने खाली ओढू नका, गिअर किंवा पंप जाईल. लांब स्क्रूड्रायव्हरने पंपाची खाच थोडी फिरवा, परत सोडा, बरोबर जुळलं की अलगद बसतो. वायरी रोटर फिरतो त्या दिशेने, म्हणजे वरून बघताना घड्याळाच्या काट्यासारख्या, १-५-३-६-२-४ अशा लावायच्या.

मग पॉइंटचा गॅप, ०.४ मिलिमीटरच्या आसपास. मेस्त्री लोकांचं म्हणणं असतं, गॅप आधी, टायमिंग मागीर, आणि त्याला कारण आहे. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी आणखी आधी पडते, तेव्हा टायमिंग लावून नंतर गॅपला हात लावला तर सगळी मेहनत फुकट.

टायमिंग लावायला बारा व्होल्टचा बल्ब पुरतो (गाडी सहा व्होल्टची असेल तर सहाचा). एक वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, स्विच ऑन. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला. डिस्ट्रिब्युटरची बॉडी आधी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवायचा आणि मग उलट दिशेने अगदी केसभर केसभर सरकवायची, बल्ब पेटला की थांबायचं, तिथेच पॉइंट उघडतायत. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून इथली १ डिग्री म्हणजे क्रँकच्या २ डिग्री, जरा घाई केली की पाच-सहा डिग्री कधी गेले कळत नाही. क्लॅम्प आवळताना बॉडी हलते, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा बल्ब बघा.

खरी परीक्षा चोर्ला नाहीतर अनमोड घाटाच्या चढावर. टायमिंग लेट असेल तर ट्रक ओढत नाही, इंजिन तापतं, पेट्रोल पितं, कारण आग पिस्टन खाली निघून गेल्यावर जळत बसते. जास्त ॲडव्हान्स असेल तर लोडवर टकटक आवाज येतो, ते नॉकिंग, कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आग पोचायच्या आधीच दाबाने पेटतं. हा आवाज ऐकून सोडून देऊ नका, पिस्टन खाऊन टाकतो. आणि हँडल मारून स्टार्ट करताना ॲडव्हान्स जास्त असेल तर हँडल उलटं येऊन हात मोडू शकतं, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही.

गोव्यात आणखी एक त्रास, पावसाळा आणि खारी हवा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या (वरच्या झाकणाच्या) आत ओल आणि मिठाचा पातळ थर बसला की हजारो व्होल्टला प्लगपर्यंत जायची गरजच राहत नाही, ते वाटेतच बॉडीत उतरतात आणि गाडी मिसिंग मारते, तेव्हा टायमिंगला हात लावायच्या आधी कॅप काढून सुक्या कापडाने पुसा. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तो कार्बनचा रस्ता झालाय, तो पुसून जात नाही, कॅप बदलावीच लागते.